चिंचोका

सकाळचा लिलाव सातला उभा राहतो,
म्हणून साडेसहाला रेवतीला ठेवायची
बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत,
डबा, दोन चड्ड्या, एक दुपटं,
आणि मागे वळून बघायचं नाही,
असं मेहरूनमावशीनं पहिल्याच दिवशी बजावलेलं.

वीस दिवस मी वळून बघितलं.
एकविसाव्या दिवशी टोपल्या उतरवता उतरवता शेवंता म्हणाली,
"पोटची पोर परक्या चटईवर.
तिला काय कळायचं गो, आई कोण नि मावशी कोण?"
त्या दिवशी सुरमईच्या बोलीत मी घसरले,
चारशेची खोट.

मावशीकडे खेळणी म्हणावी अशी नव्हतीच.
पाच पोरं, एक परात, तीन करवंट्या,
खुब्यांच्या शिंपल्यांचं अर्धं पोतं,
आणि मावशीचं तोंड, ते कधी मिटायचं नाही.
"हा पंखा. पंखा थांबला. का थांबला? लाइट गेली.
हे पाणी. गार. तुझं नाक. माझं नाक.
मांजराचं नाक कुठाय?"
मला हसू यायचं.
दीड वर्षाच्या पोरीशी इतकं कोण बोलतं?
आमच्या घरात बोलणं म्हणजे डिझेल, जाळं, बँकेचा हप्ता,
आणि आठ वाजता दिवा बंद.

एकदा मासळी कमी आली, मी लवकर सुटले.
दारातूनच बघितलं:
तीन करवंट्या पालथ्या, एकीखाली चिंचोका.
मावशी त्या फिरवतेय, हळू, फार हळू,
आणि माझी पोर श्वास धरून बसलेली.
पहिली उचलली. नाही.
रडली नाही. दुसरी उचलली.
नाही.
मग तिसरीला हात लावायच्या आधीच
ती हसली.

ते हसू मी अजून कुणाला नीट सांगू शकले नाही.
चिंचोका दिसायच्या आधीचं.

नर्सबाई महिन्यातून एकदा येतात,
दंडाला पट्टी लावतात, काट्यावर बसवतात,
नऊ किलो दोनशे, लिहून घेतात.
मी म्हटलं, बाई, ती आता शिंपल्या लावते,
बारक्या एकीकडे, मोठ्या एकीकडे,
फुटक्या मांडीखाली लपवते.
बाई हसल्या. चांगलंय, म्हणाल्या.
त्यांच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

आणि तो सुवर्णदुर्ग.
तिच्या बापाची होडी किल्ल्याआड गेली की
ती भोकाड पसरायची, गेला, गेला,
जणू पाण्यानंच गिळला.
मागच्या अमावास्येला मात्र
होडी तटामागे दिसेनाशी झाली,
आणि रेवतीनं मान वळवली
किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाकडे.
बोट धरून उभी राहिली. बघत राहिली.
मीच अधीर झाले, तिच्यापेक्षा.
मग शिडाची काठी दिसली. मग निळा रंग.
"बाबा," ती म्हणाली, अगदी सहज,
जसं काही उसनं दिलेलं परत आलं.

दुसऱ्या सकाळी तिनं माझा हात सोडला
आणि सरळ आत गेली. रडली नाही.
मागे वळून तिनंच बघितलं नाही.

शेवंताचं खरं झालं, असं वाटत राहिलं मला
लिलावाच्या गलक्यात, गुडघाभर पाण्यात,
बोंबलांचे वाटे लावताना,
आकडे कानावरून जात होते नि कळत नव्हते.
दुपारी एकला दार ढकललं.
ती दाराकडेच तोंड करून बसलेली,
आणि हसत होती,
आधीपासूनच.

घरी जाताना मी बोलायला लागले.
अवघडल्यासारखं. रस्त्यात. मोठ्यानं.
हा बांगडा. हा त्याचा डोळा.
हे मीठ. हे... हे काय गो, मला पण नाव येत नाही ह्याचं,
थांब, बाबाला विचारू.
शेवंता बघत होती. बघू दे.
रेवतीनं माझ्या नाकावर बोट ठेवलं,
खवले लागलेल्या,
आणि पुढचं मी बोलायची वाट बघत राहिली.